मामांचा पेसमेकर: पहिल्या अंधारीपासून कार्ड हातात पडेपर्यंत

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, ७ मे २०२५ रोजी पेसमेकर बसवला. तेव्हापासून ओळखीतले लोक फोन करून विचारतात. छातीवर चिकटवतात ती पट्टी कुठं मिळाली? आयुष्मान कार्डावर खरंच होतं का? एखादं चांगलं घड्याळ घेऊन भागलं नसतं का? प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं क्रमानं लिहून काढते. मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत काम करते. त्यामुळे दुखण्याचा भाग डॉक्टरांनी समजावला तसा लिहिलाय, कागदपत्रांचा भाग मात्र माझ्या सवयीनं जरा लांबलाय.

मामा बहात्तर वर्षांचे. सगळी नोकरी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर म्हणून झाली. फाउंड्रीत ओतकामाच्या आधी वाळूत साचा उठवायला लाकडाचा नमुना लागतो, तो करणारे. रिटायर झाले तरी पुतण्याच्या शेडवर दिवसाआड जाऊन बसायचेच.

१७ जानेवारीला सकाळी दाढी करता करता ते बेसिनपाशी खाली बसले. पडले नाहीत, बसले. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, हाक मारली तर डोळे उघडे, पण ‘ओ’ यायला वेळ लागला. पित्त झालं असेल असं सगळ्यांचं मत पडलं, मामांचंही. मधनं मधनं उभं राहताना अंधारी येते असं ते म्हणायचे, तेही पित्ताच्याच खात्यात गेलं. ९ फेब्रुवारीला, रविवारी, मटण आणायला निघालेले मामा गल्लीच्या तोंडाला कोसळले. कपाळाला टाके पडले. शेजारची पोरं उचलायला धावेपर्यंत ते स्वतःच उठून बसले होते आणि पिशवी कुठाय म्हणून विचारत होते.

हे एवढं बारीक लिहितेय कारण पुढे हृदयरोगतज्ज्ञांनी पहिला अर्धा तास फक्त हेच विचारलं. पडण्याआधी घाम फुटला का, मळमळलं का? जीभ चावली का, कपडे ओले झाले का? किती वेळ शुद्ध नव्हती, उठल्यावर गोंधळलेले होते की लगेच ओळखू लागले? फीट असेल तर माणूस बराच वेळ भांबावलेला राहतो. अचानक, कसलीही सूचना न देता पडला आणि तसाच चटकन भानावर आला, तर हृदयाचे ठोके तपासायला हवेत, असं त्यांनी सांगितलं. त्यामुळे ज्यानं पडताना पाहिलं त्या माणसाला डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा. आम्ही त्या शेजारच्या पोराला नेलं होतं. त्यानं जे सांगितलं ते मामांना स्वतःला माहीतच नव्हतं.

ही भेट ११ फेब्रुवारीची, राजारामपुरीत. तपासणी फी ७००. आडवं झोपवून आणि मग उभं करून दोन्ही वेळा बीपी घेतलं. रक्ताच्या तपासण्या झाल्या: हिमोग्लोबिन, साखर, सोडियम-पोटॅशियम, थायरॉइड. त्याचे १,६०० झाले. टूडी इकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे, १,८००. सगळं ठीक. ईसीजीही ठीक, फक्त ठोके मिनिटाला ५२, जरा कमी. मी म्हटलं, ईसीजी चांगला आहे म्हणजे हृदयाचं काही नाही ना? डॉक्टर म्हणाले, ‘ही पट्टी दहा सेकंदांची आहे. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यातल्या दहांत ते पडले का?’ पुढच्या दोन महिन्यांतली सगळी धडपड त्या ‘नेमक्या’ सेकंदांसाठी होती.

पहिला प्रयत्न होल्टरचा. छातीला पाच ठिकाणी चिकटपट्ट्या, त्यांच्या वायरी आणि कमरेला पट्ट्यात अडकवलेलं एक छोटं यंत्र, चोवीस तास. खर्च २,५००. आंघोळ बंद. १२ तारखेला लावलं, १३ ला काढलं. लावणाऱ्या टेक्निशियननं मामांना सांगितलं की हे ज्याच्या नावानं ओळखतात त्या नॉर्मन होल्टर या अमेरिकन माणसानं पहिलं यंत्र पाठीवर बांधलं होतं, ते ३८ किलोचं होतं. १९४० च्या दशकातली गोष्ट. मामांनी कमरेचं यंत्र हातात घेऊन तोललं आणि म्हणाले, ‘आडतीस किलो घिऊन चाललं तर निरोगी माणसाचं बी ठोकं वाढत्याली की.’

होल्टरमध्ये काहीच सापडलं नाही. म्हणजे सरासरी ठोके ४९, रात्री झोपेत ३८ पर्यंत उतरलेले, पण त्या चोवीस तासांत मामांना अंधारी आलीच नव्हती. रिपोर्ट चांगला आला की आपण पेढे वाटायला निघतो. इथं डॉक्टरांनी उलट सांगितलं: त्रास झालाच नाही, तेव्हा या रिपोर्टवरून त्रासाबद्दल काहीच ठरवता येत नाही.

याच भेटीत एक वेगळीच गोष्ट निघाली. औषधांची यादी आम्ही दिली होती, बीपीची एक गोळी आणि पोटाची एक. डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यांत काही घालता का? मामांना काचबिंदू आहे, ते रोज दोन वेळा टिमोलॉलचे थेंब घालतात. डोळ्यांचे थेंब औषधांच्या यादीत कोण लिहितं? पण टिमोलॉल डोळ्यांतून रक्तात उतरतं आणि ठोके कमी करू शकतं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत. डॉक्टरांनी लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. थेंब स्वतःच्या मनानं बंद करायचे नाहीत, डोळ्याचा दाब वाढेल, हेही बजावलं. १५ तारखेला थेंब बदलून मिळाले. आता कोणाही डॉक्टरांकडे जाताना मी घरातला औषधांचा डबाच नेते, मलम, थेंब, आयुर्वेदिक चूर्ण, सगळं.

थेंब बदलल्यावर बरं वाटायला लागलं. ठोके ५६-५८ वर आले. आम्हाला वाटलं, सुटलो.

त्याच सुमारास पुण्याहून भाचा एक स्मार्टवॉच घेऊन आला. दीड हजाराचं. मामांच्या हातावर बांधलं आणि दिवसभर घरात त्याचेच आकडे. ७१, ६८, ७४. आमच्या ह्यांना शंका आली. त्यांनी ते घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलला बांधलं, तर टॉवेलचेही ठोके ७० आले! हसण्यावारी नेलं, पण नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मनगटावरची ही घड्याळं कातडीवर हिरवा प्रकाश टाकतात आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारावरून ठोके मोजतात. चांगली घड्याळं हे काम बऱ्यापैकी करतात, स्वस्तातली अंदाज ठोकून देतात. ईसीजी काढणारी महागडी घड्याळं वेगळी असतात. त्यात दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाला लावून तीस सेकंद स्थिर बसावं लागतं. ज्यांना छातीत धडधड होते, शुद्ध असते, त्यांना ती उपयोगी पडतात. पण मामांसारखा माणूस पाच सेकंदांत कोसळतो, तो बोट कधी लावणार? त्यामुळे ‘घड्याळ घेऊन भागलं नसतं का’ या प्रश्नाला आमच्यापुरतं उत्तर नाही असं आहे. घड्याळ वाईट नाही, काम वेगळं आहे. ते भाच्याचं घड्याळ आता माझ्या मुलाकडे आहे, तो वेळ बघायला वापरतो.

२० मार्चला मामा परत पडले, या वेळी घरातच, सोफ्यावर. म्हणजे थेंबांचा वाटा होता, पण सगळा दोष त्यांचा नव्हता.

आता दोन पर्याय समोर आले. एक, कातडीखाली बसवायचा लूप रेकॉर्डर, छोट्या चिऱ्यातून आत सरकवतात, तो तीनेक वर्षं ठोके नोंदत राहतो. त्याचा खर्च आम्हाला लाखाच्या पुढे सांगितला. दुसरा, छातीवर चिकटवायचा पॅच, सात दिवसांसाठी, ९,५००, शिवाय यंत्र परत करेपर्यंत ५,००० अनामत. मोठं पडणं महिन्या-दीड महिन्यानं होत असलं तरी अंधारी दर दोन-चार दिवसांनी यायचीच, म्हणून डॉक्टरांनी आधी पॅच लावू म्हटलं. तो कोल्हापुरात हाताशी नव्हता, बाहेरून कुरिअरनं मागवावा लागला. त्यात आठवडा गेला. दुसरी गोष्ट, पाडवा ३० मार्चला होता. तेल लावून आंघोळ झाली की पॅच धरत नाही, म्हणून पाडवा उरकून, दोन दिवस अंगाला तेल न लावता, २ एप्रिलला लावला.

लावायची पद्धत सांगते, कारण पॅच टिकणं यावरच सगळं अवलंबून आहे. डाव्या छातीवरचे केस काढले, स्पिरिटनं पुसलं, मग एका खरखरीत पट्टीनं कातडी हलकी घासली. मामा म्हणाले, ‘हे आमच्या पॉलिश पेपरचंच काम हाय.’ पॅच बोटभर लांबीचा, वायर नाही, वर एक बटण. त्रास झाला की बटण दाबायचं आणि वहीत वेळ लिहायची. ब्लूटूथनं तो मोबाईलशी बोलतो. मोबाईल लांब असला तरी आमच्या पॅचमध्ये नोंद साठत होती आणि जवळ आल्यावर जात होती. तुमचा तसा आहे का हे लावतानाच विचारून घ्या, कारण सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाताना मोबाईल घरी ठेवणाऱ्या माणसांचीच ही पिढी आहे.

एप्रिलचा उकाडा आणि घाम. चौथ्या दिवशी एक कोपरा सुटायला लागला. त्यांनी दिलेली जादा पारदर्शक टेप वरून मारली. खाज भयंकर. पाठीकडून, पॅचपासून लांब, ओल्या फडक्यानं अंग पुसून दिलं की जरा बरं वाटायचं. पंखा, सैल सुती बंडी, दुपारी शेडवर जाणं बंद.

वहीचं काम आत्यांनी अंगावर घेतलं. मामांच्या भरवशावर राहिलो असतो तर ‘थोडं गरगरलं’ यापलीकडं काही मिळालं नसतं. आत्यांनी घड्याळ बघून, मिनिटासकट लिहिलं: काय करत होते, बसले होते की उभे, काय खाल्लं होतं. ५ एप्रिलची नोंद अशी आहे: ‘सकाळी १० वाजून ५० मिनिटं. गॅलरीत पेपर वाचत होते. आधी छातीत फडफड म्हणाले. मग पेपर हातातून सुटला.’ बटण दाबायचं कोणाला सुचलं नाही. पण वही होती.

पॅच ९ ला काढला, खोबरेल लावून हळूहळू. खाली लाल चट्टा उठला होता, तो आठवड्यात गेला. यंत्र कुरिअरनं परत पाठवलं, पावती जपून ठेवली, अनामत परत यायला तीन आठवडे आणि बरेच फोन लागले. रिपोर्ट १५ एप्रिलला आला.

५ एप्रिल, १० वाजून ५१ मिनिटं. ठोके अचानक १४० च्या आसपास, आणि अगदी अनियमित. हे दोनेक मिनिटं. मग ते एकदम थांबले आणि त्यानंतर ५.४ सेकंद काहीच नाही. कागदावर सरळ रेघ. मग एक ठोका, मग दुसरा.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. हृदयाच्या वरच्या कप्प्यात एक नैसर्गिक ठिणगी देणारी गाठ असते, सायनस नोड. वयानं ती थकते. मामांची थकली होतीच, म्हणून ठोके कमी. त्यात मधूनच वरचे कप्पे बेशिस्त फडफडायला लागत, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. ते थांबलं की थकलेल्या नोडनं लगेच काम हातात घ्यायला हवं, तो पाच-पाच सेकंद घेतच नव्हता. तेवढा वेळ मेंदूला रक्त नाही, म्हणून माणूस कोसळतो. याला गोळी नाही. फडफड आवरणारी गोळी द्यावी तर ठोके आणखी मंदावतात. आधी पेसमेकर बसवायचा, मग ती गोळी निर्धास्त देता येते. म्हणजे यंत्र आणि गोळी दोन्ही लागणार.

मी डॉक्टरांना विचारलं, वही नसती तर? ते म्हणाले, पट्टी दिसलीच असती, पण वहीतल्या वेळेशी ती जुळली म्हणून आता शंका उरली नाही. आत्या हे ऐकून काही बोलल्या नाहीत, पण घरी येऊन त्यांनी ती वही देवघराच्या कप्प्यात ठेवली.

खासगीत दोन वायरींच्या पेसमेकरचा अंदाज आम्हाला २,४०,००० चा मिळाला. मामांचा विमा नाही. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. त्याला फक्त आधार लागतं, आणि वय आधारवरचं धरतात. मामांच्या आधारवर १ जून १९५२ आहे. खरी तारीख कोणालाच ठाऊक नाही, शाळेत घालताना गुरुजींनी १ जून टाकली. त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो! तुमच्या घरातलं माणूस खऱ्या वयानं सत्तरीचं आणि आधारवर एकोणसत्तरचं असेल तर अडेल, हे आधीच बघून ठेवा. आत्या अडुसष्टच्या, त्यांचं कार्ड निघालं नाही.

तर आधार. सेवा केंद्रात मामांचा अंगठा उमटेना. दहाही बोटं लावून झाली. चाळीस वर्षं लाकूड, वाळू आणि पॉलिश पेपरमध्ये गेलेल्या हाताच्या रेषा कुठून उमटणार? ओटीपी मागवावा तर आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. मग आधार केंद्रात जाऊन नंबर बदलला, ५० रुपये, तिथं डोळ्यांच्या बुबुळांवर काम झालं. नंबर जोडला गेल्याचा मेसेज यायला काही दिवस लागले. तो आल्यावर मात्र कार्ड घरी बसून, आयुष्मानच्या ॲपमधून, दहा मिनिटांत निघालं. ॲपमध्ये चेहऱ्यानं ओळख पटवायचीही सोय आहे, ज्यांची बोटं अशी झिजलेली आहेत त्यांनी आधी ती करून बघावी. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारचा मोबाईल नंबर चालू आहे का, हे आजारी पडण्याची वाट न बघता आजच तपासा.

कार्ड असलं म्हणून कुठल्याही दवाखान्यात चालत नाही. रुग्णालय योजनेच्या यादीत हवं आणि हृदयाच्या विभागासाठी हवं. शहरातल्या अशा एका रुग्णालयात आम्ही गेलो. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा, टेबल असतो. आधी त्यालाच भेटा, कॅश काउंटरच्या रांगेत उभं राहू नका. ५ मे, सोमवारी दाखल केलं. दाखल झाल्यावर कॉटवर रुग्णाचा फोटो काढतात, आधार-कार्डाची जोडणी होते आणि सगळे रिपोर्ट अपलोड होऊन पूर्वमंजुरीसाठी जातात. संध्याकाळी मंजुरी देणाऱ्यांकडून शंका आली: आधारवर मामांचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण नाव, पॅचच्या रिपोर्टवर नुसतं पहिलं नाव आणि आडनाव. एकच व्यक्ती कशावरून? मी पतसंस्थेत अशाच शंका काढत असते, त्यामुळे चिडायला तोंड नव्हतं. डॉक्टरांनी लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं, ते जोडलं, ६ तारखेला संध्याकाळी मंजुरी आली. पहिल्या रक्ततपासणीपासून प्रत्येक ठिकाणी नाव आधारप्रमाणे पूर्ण लिहायला लावा. लॅबमधली मुलं घाईत अर्धं नाव टाकतात.

आधीच्या तपासण्या, होल्टर, पॅच हे सगळं आमच्या खिशातून गेलं, साधारण अठरा हजार. दाखल झाल्यापासून घरी येईपर्यंत रुग्णालयाला एक रुपया द्यावा लागला नाही. घरी आल्यावरची पंधरा दिवसांची औषधंही योजनेत असतात, ती सोडताना मागून घ्या.

७ मे. पहाटेपासून वॉर्डातल्या प्रत्येक मोबाईलवर ऑपरेशन सिंदूरच्या बातम्या चाललेल्या. मामांना स्ट्रेचरवर घेताना ते बाजूच्या कॉटवाल्याला म्हणाले, ‘आज दोन ऑपरेशन हायती.’ भूल फक्त जागेपुरती होती, डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली. शिरेतून दोन वायरी हृदयात, एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या, आणि यंत्र कातडीखाली. सव्वा तास लागला. ते जागेच होते.

आदल्या दिवशी कंपनीचा माणूस नमुन्याचं यंत्र घेऊन आला होता. पंचवीस-तीस ग्रॅम वजन, टायटॅनियमचं कवच. आम्ही बॅटरी किती वर्षं टिकेल ते विचारत होतो (आठ ते दहा, वापरावर अवलंबून). मामांनी ते डोळ्यांजवळ धरून विचारलं, ‘जोड कुठाय ह्याचा?’ लेसरनं वेल्ड केलेलं असतं हे कळल्यावर ते बराच वेळ कड नखानं चाचपत राहिले. मग त्या माणसानंही खुलून सांगितलं. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ऑक्टोबर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला, तो काही तासांतच बंद पडला. रुने एल्मक्विस्ट या इंजिनिअरनं तो बनवताना बूट पॉलिशच्या डबीचा साचा वापरून रेझिन ओतलं होतं. लार्सनना पुढं आयुष्यभरात वीसहून जास्त पेसमेकर बदलावे लागले आणि ते २००१ पर्यंत, ८६ वर्षांचे होईपर्यंत जगले. साचा म्हटल्यावर मामांचा चेहरा जो उजळला! आजही कोणी पेसमेकरबद्दल विचारलं की ते दुखणं सांगत नाहीत, पॉलिशच्या डबीची गोष्ट सांगतात.

९ तारखेला घरी आलो. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, महिना-दीड महिना, नाहीतर वायर जागेवरून हलू शकते. पण हात अगदी बांधूनही ठेवायचा नाही, खांदा आखडतो. ही दुसरी सूचना नर्सनं जाता जाता सांगितली, आम्ही तो झोळीत अडकवूनच ठेवणार होतो. सदरा डोक्यातून घालायचा नाही, पुढून बटणांचा शर्ट. मोबाईल डाव्या खिशात नाही, यंत्रापासून वीतभर लांब आणि उजव्या कानाला. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. अंबाबाईच्या दर्शनाला जाताना मेटल डिटेक्टरमधून न थांबता सरळ जायचं, हातातला डिटेक्टर छातीवरून फिरवू द्यायचा नाही, पेसमेकरचं कार्ड दाखवायचं. गणपतीत डॉल्बीच्या भिंतीला टेकून उभं राहायचं नाही, त्या स्पीकरमध्ये मोठी चुंबकं असतात. हे शेवटचं डॉक्टरांनी कोल्हापूरकरांसाठी खास जोडलं असावं.

सगळ्यात अवघड बोलणं मामांनीच काढलं. डॉक्टर आमच्या ह्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगत होते, ते मामांनी ऐकलं. म्हणाले, ‘मला सांगा की. बंद डबा भट्टीत टाकत न्हाईत, येवढं कळतंय मला.’ खरंच तेच होतं. अंत्यसंस्कारात दहन करायचं असेल तर आधी पेसमेकर काढावा लागतो, बंद कवचातली बॅटरी आगीत फुटते. घरात एकाला तरी हे माहीत असावं आणि त्या वेळी डॉक्टरांना आठवणीनं सांगावं. आम्ही ते फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, मामांनी स्वतः वाचून बरोबर आहे म्हणून मान हलवली.

१० जूनला पहिली तपासणी झाली. छातीवर एक पट्टा ठेवतात आणि यंत्रातली सगळी नोंद कंपनीच्या संगणकावर दिसते. ठोके ६० च्या खाली एकदाही नाहीत, तसंच ठरवून दिलंय. फडफड काही वेळा झाली होती, मामांना कळलीही नव्हती. त्यामुळे ठोके आवरणारी गोळी सुरूच राहिली आणि गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारीही. ती एकही चुकवायची नाही, आणि दात काढायचा झाला तरी आधी विचारायचं.

मामांची एक तक्रार होती. रिक्षात बसलं की छातीत धडधडतं. आम्ही घाबरलो. तंत्रज्ञ हसला. यंत्रात हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, माणूस चालायला लागला की ते ठोके वाढवतं. रिक्षाच्या हिसक्यांना ते चालणं समजत होतं. त्यानं सेन्सरची संवेदना थोडी कमी केली. रस्त्यांचं काही त्याच्या हातात नव्हतं.

शेडवर जाण्याचा प्रश्न मात्र फोनवर सुटला नाही. भट्टी इंडक्शनची, शेजारी आर्क वेल्डिंग. दोन्हींच्या विजेचा यंत्राला गोंधळ होऊ शकतो. कंपनीच्या इंजिनिअरला मशीनची माहिती लेखी पाठवली, किती अँपिअर, किती अंतर. उत्तर यायला दोन आठवडे लागले: भट्टीच्या शेडमध्ये जायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही आणि चालू असेल तिथं जवळ थांबायचं नाही, पॅटर्नच्या खोलीत बसायला हरकत नाही. पुतण्यानं खुर्ची त्या खोलीत हलवली.

पेसमेकरचं कायमचं कार्ड जुलैत टपालानं आलं, त्यावर मॉडेल, सीरियल नंबर, तारीख आणि एमआरआय चालतो की नाही हे असतं. मामांनी ते घराच्या सातबाऱ्याबरोबर कपाटात कुलूपबंद करून ठेवलं. मी त्याच्या झेरॉक्स काढून एक त्यांच्या पाकिटात, एक पुतण्याच्या शेडवर ठेवली आणि फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर टाकला. पुढची तपासणी डिसेंबर २०२५ ची ठरली.